सहावा हात

निमकरकाकांचा हात नेहमी सहावा वर जायचा. कधी सातवा, कधी आठवा. पण सहाव्याच्या आधी कधी नाही. बोर्डात माणसं नऊ, म्हणजे पाच हात वर झाले की ठराव मंजूर. चेअरमननी बाजूनं कोण असं विचारलं की काका आधी समोरच्या कागदात बघायचे, मग चष्मा काढून रुमालानं पुसायचे, आणि पुसता पुसता डावीउजवीकडे एक नजर फिरवायचे. पाच हात दिसले की चष्मा नाकावर आणि हात वर. चारच दिसले तर चष्मा बराच वेळ पुसला जायचा.

मी त्या बोर्डाची डेप्युटी क्लार्क होते. खालच्या टेबलावर बसून बैठकीचं इतिवृत्त लिहायचं हे माझं काम, आणि तिथून मला नऊही हात दिसायचे. चार वर्षं मी ते मोजले. त्या चार वर्षांत हा माणूस एकदाही हरलेल्या बाजूला नव्हता.

व्हर्जिनियातल्या ज्या काउंटीत आम्ही राहायचो तिचं नाव इथे सांगत नाही. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा, आणि तिचं बोर्ड म्हणजे जिल्हा परिषद. कुठल्या शेतात घरं उठू द्यायची, कुठे डेटा सेंटर येऊ द्यायचं, वाचनालय किती वाजता बंद करायचं, बागेत कुत्री मोकळी सोडायची की नाही, हे सगळं हे निवडून आलेले नऊ सुपरवायझर ठरवायचे. लग्नाआधी मी एका पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक होते. दोन हजार एकमध्ये नवऱ्याच्या नोकरीमागोमाग इथे आले, ग्रीन कार्ड हातात पडल्यावर काउंटीच्या ऑफिसात अर्ज केला, आणि पहिल्याच बैठकीला मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तोच विषयपत्रिकेचा गठ्ठा, तोच न वाचता पुढे ढकललेला. फक्त इथे कुणी आवाज चढवत नव्हतं आणि प्रत्येक जण प्रत्येकाचे आभार मानत होता.

प्रभाकर निमकर दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात निवडून आले. त्यांच्याविरुद्ध उभा असलेला गृहस्थ आजारी पडून ऐन प्रचारात मागे फिरला, आणि मतपत्रिकेवर काकांचं एकट्याचंच नाव उरलं. आम्हा मराठी लोकांत ते नेहमी सांगायचे, "बिनविरोध आलो." हा शब्द उच्चारताना त्यांची छाती दोन इंच फुगायची. रस्त्याकडेच्या प्रचाराच्या पाट्यांवर त्यांनी स्वतःचं नाव 'प्रॅब' असं करून घेतलं होतं. तीस वर्षं या देशात काढलेला, एका मोठ्या कंपनीतून लवकर निवृत्त झालेला, साठीचा उंच माणूस. केस काळेभोर केलेले, कोट नेहमी एक नंबर मोठा. हस्तांदोलन दोन्ही हातांनी करायचे आणि समोरच्याचा हात सोडायचेच नाहीत. सोडल्यावर मात्र त्याचं नाव विसरायचे.

आम्ही सगळे तेव्हा हुरळून गेलो होतो, हे कबूल करायला हवं. आपला माणूस बोर्डात गेला. मीही त्या हुरळलेल्यांत होते. शपथविधीला मी गजरा माळून गेले होते आणि त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन सांगितलं होतं की सभागृहात आपण मराठीत बोलायचं नाही, बरं दिसत नाही. मी म्हटलं, बरं काका. त्यानंतर सभागृहात मी 'मॅडम क्लार्क' आणि कॉरिडॉरमध्ये 'वैशू' झाले. वैशू मला माझी आईसुद्धा म्हणत नाही.

त्यांची दोन वाक्यं होती. एक, "दोन्ही बाजूंनी बघायला हवं." दुसरं, "मी सगळ्यांचा आहे." कुठलाही विषय या दोन वाक्यांत बसवायची कला त्यांनी साधली होती. एका वसंतात बागेतल्या कुत्र्यांचा विषय आला. कुत्री मोकळी सोडू द्या म्हणणारे पंधरावीस जण आणि मुळीच सोडू नका म्हणणारे तेवढेच. काका सुनावणीच्या आधी दोन्ही गटांना भेटले. सुनावणीत कुत्रेवाल्यांची पुढारीण माइकवर आली आणि तिनं आपल्याला ठाम पाठिंबा दिल्याबद्दल मिस्टर निमकरांचे आभार मानले. तिच्या पाठोपाठ विरोधकांचा म्हातारा आला आणि त्यानंही ठाम पाठिंब्याबद्दल मिस्टर निमकरांचेच आभार मानले. सभागृहात खसखस पिकली. चेअरमनसुद्धा तोंडावर हात धरून हसले. मला वाटलं, आता या माणसाला खाली बघावं लागणार. काका दोघांकडेही बघून मान झुकवत होते. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

बोर्डाच्या बैठका काउंटीच्या केबल चॅनलवर दाखवत. काका वेळेआधी वीस मिनिटं येऊन खुर्चीची उंची ठरवायचे आणि कॅमेरावाल्याला आपली कुठली बाजू चांगली दिसते ते सांगायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. काल ठरावात काय झालं हे विचारायला नाही, आवाज कसा येत होता हे विचारायला. एकदा विषयपत्रिकेचा गठ्ठा द्यायला मी त्यांच्या घरी गेले तर दिवाणखान्यात टीव्हीवर काका बोलत होते आणि समोर सोफ्यावर बसून काका ते बघत होते. कुमुदकाकू स्वयंपाकघरात घेवडा निवडत होत्या. मी सहज म्हटलं, काकू, तुम्हाला अभिमान वाटत असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "अगं, भाजी कुठली करू हे विचारलं तर म्हणतात तुला काय करावंसं वाटतंय. छत्तीस वर्षं मला कळलेलं नाही यांना काय आवडतं ते." आधीच्या बैठकीचा गठ्ठा मी त्या दिवशी परत न्यायला मागितला. त्यावरचा रबरबँड मीच लावला होता, माझ्याच पद्धतीनं दुहेरी पिळून. तो तसाच होता.

विमलमावशी आमच्या शेजारच्या निखिलच्या सासूबाई. मूळच्या बार्शीच्या. उन्हाळ्याच्या तोंडाशी सहा महिन्यांसाठी लेकीकडे येत आणि नातवाला सांभाळत. ठेंगण्या, सावळ्या, पायात नातवाच्या आग्रहानं घेतलेले पांढरे बूट आणि वर नऊवारी नव्हे, पण तेवढीच चापूनचोपून नेसलेली पाचवारी. गणपतीच्या कार्यक्रमाला काका पाहुणे म्हणून आले आणि सगळ्या मराठी माणसांसमोर त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. रस्ते राज्य सरकारचे, शाळा शाळामंडळाच्या, पोलीस शेरीफचे, असं करत करत त्यांनी बोर्डाच्या अडचणी सांगितल्या. निखिलनं ते मावशींना मराठीत सांगितलं. भाषणानंतर काका जवळ आल्यावर मावशींनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मीपण सुपरवायझर होते हो. अंगणवाड्यांची. चोवीस अंगणवाड्या होत्या माझ्याकडे. तुमच्याकडे काय आहे?"

काका हसले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. मला वाटतं, प्रश्न त्यांना खरोखरच कळला नसावा.

पण काउंटीच्या हातात एक गोष्ट होती. एखाद्या बिल्डरला शेतजमिनीवर घरं बांधायची असतील तर त्याला बोर्डाची परवानगी लागे, आणि परवानगी देताना बोर्ड अटी घालू शके. आमच्या वस्तीपासून वाचनालय जेमतेम अर्धा मैल. मध्ये दोन पदरी रस्ता, कडेला हातभर मुरूम आणि लगेच चर. फुटपाथ नाही. वस्तीत भारतातून आलेले आईवडील पुष्कळ. त्यांना गाडी चालवता येत नाही, मुलं दिवसभर ऑफिसात. ही मंडळी रोज दुपारी चार वाजता त्या मुरमावरून एकामागोमाग एक अशी वाचनालयाकडे चालत जायची. तिथे बाक होते, सावली होती, एक मराठी पुस्तकांचं फडताळही होतं. रांगेत सगळ्यांत पुढे विमलमावशी. मातीचे ट्रक शेजारून जाताना सगळ्यांनी थांबून चराकडे तोंड करायचं हा नियम त्यांनीच घालून दिला होता.

त्या रस्त्याच्या एका अंगाची सगळी शेती एका बिल्डरनं घेतली आणि घरांसाठी अर्ज केला. काउंटीच्या अधिकाऱ्यांनी अहवालात स्पष्ट अट सुचवली: पहिल्या घरात कुणी राहायला जाण्याआधी बिल्डरनं वाचनालयापर्यंत फुटपाथ बांधायचा. सुनावणी दोन हजार पाचच्या एप्रिलात होती. त्या वर्षी मावशी लवकर आल्या होत्या. निखिलनं मला विचारलं की त्यांना बोलता येईल का. मी म्हटलं, कुणालाही येतं, तीन मिनिटं, आणि दुभाषा असेल तर सहा.

संध्याकाळी साडेसहाची सुनावणी. मावशी माइकसमोर उभ्या राहिल्या तेव्हा माइक त्यांच्या कपाळाला लागत होता, मी उठून खाली केला. त्यांनी पदर खोचला आणि अंगणवाडीच्या बैठकीत बोलावं तसं बोलायला सुरुवात केली. आम्ही म्हातारी माणसं, इथे नातवंडांसाठी येतो, दिवसभर घरात कोंडून राहतो, चालणं एवढंच आमचं स्वातंत्र्य. गाडी आमच्या कोपराला वारा घालून जाते. काल जोशीबुवांची टोपी उडून चरात पडली, उद्या जोशीबुवा पडतील. तुम्ही मालकाला म्हणा, आधी वाट कर, मग घरं वीक.

मध्ये मध्ये थांबून त्या निखिलला इंग्रजी करू देत होत्या. मी काकांकडे बघत होते. त्या सभागृहात व्यासपीठावरच्या नऊ जणांत एकट्या त्यांना मावशींचा शब्द न् शब्द समजत होता. पण मावशी मराठीत बोलत असताना काका बाकीच्या आठ जणांसारखाच कोरा, सौजन्याचा चेहरा करून बसले होते. जोशीबुवांच्या टोपीला मागच्या रांगेतले आमचे लोक हसले. काका हसले नाहीत. निखिलनं टोपीचं इंग्रजी केलं, आठ जण हसले, आणि तेव्हा काका हसले. त्यांच्याबरोबर, त्यांच्याच वेळेला.

मावशींच्याही ते लक्षात आलं. त्या बोलायच्या थांबल्या आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "प्रभाकरराव, तुम्हाला तर कळलं ना?"

काकांनी निखिलकडे बघितलं. इंग्रजीची वाट बघत राहिले.

निखिल गोंधळला. हे वाक्य भाषांतर करायचं की नाही हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्यानं केलं. काका माइकमध्ये वाकले आणि इंग्रजीत म्हणाले की ते वक्त्यांचे आणि विशेषतः दुभाष्याचे आभारी आहेत. मी ते इतिवृत्तात लिहिलं. शपथविधीचा तो गजरा हाताशी असता तर मी तो तिथेच कुस्करला असता.

मतदान दोन आठवड्यांनी, सकाळच्या कामकाजाच्या बैठकीत. सकाळी नऊला सामान्य माणूस येत नाही, म्हणून बरीच कामं सकाळी होतात. त्या दिवशी समोर बिल्डरचा वकील आणि त्याचे दोन सहकारी एवढेच होते. चेअरमननी विषय पुकारला आणि निमकरकाकांनी माइक चालू केला. चार वर्षांत गौरवाचे आणि शुभेच्छांचे ठराव सोडले तर त्यांनी मांडलेली ही एकच सूचना. त्यांनी कागदावरून वाचून दाखवली. अटीतले 'पहिल्या घरात कुणी राहायला जाण्याआधी' हे शब्द काढून तिथे 'शेवटच्या घरात कुणी राहायला गेल्यानंतर' हे शब्द घालावेत. बांधकामाची अवजड वाहनं नवा फुटपाथ फोडतील, म्हणून. दोन्ही बाजूंनी बघायला हवं, म्हणून.

नऊही हात वर गेले. त्यांचा त्या दिवशी पहिला होता.

यात त्यांना काय मिळालं? लोकांना वाटेल, काही देणंघेणं झालं असेल. झालं असतं तर मला हा माणूस निदान समजला असता. मला नंतर कळलं ते एवढंच. आदल्या आठवड्यात व्यापाऱ्यांच्या संघटनेची न्याहारी होती, तिथे त्या वकिलानं त्यांना चेअरमनच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं. फुटपाथ मागणारे बहुतेक भारतीय, मग ती सूचना भारतीयानंच मांडली तर कुणाला वावगं वाटणार नाही, असं कुणीतरी सुचवलं आणि चेअरमननी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अर्धा मैल वाट त्यांनी एका न्याहारीच्या खुर्चीत दिली.

मावशी पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. तोवर शेतात पंचवीसतीस घरं उभी राहिली होती, पडदे लागले होते, अंगणात झोपाळे आले होते. रांग मुरमावरूनच चालत होती, आणि ट्रक दुप्पट झाले होते. ऑक्टोबरातल्या एका दुपारी एका पिकअपचा आरसा मावशींच्या खांद्याला लागला. त्या चरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मागच्या जोशीबुवांनी हाका मारल्या, पण गाडी थांबली नाही. रांगेतल्या कुणाकडे फोन नव्हता. जोशीबुवा त्या नव्या घरांपैकी एकाच्या दारात जाऊन हातवारे करत उभे राहिले, तेव्हा तिथल्या बाईनं रुग्णवाहिका बोलावली.

चारच दिवसांनी काका माझ्या काउंटरशी आले. डॉरोथी, म्हणजे बोर्डाची मुख्य क्लार्क आणि माझी साहेब, आतल्या खोलीत होती. काकांनी तिच्या दाराकडे एकदा बघितलं आणि मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "वैशू, गेल्या वर्षीचं एप्रिलचं ते इतिवृत्त जरा काढ. त्यात 'सूचना मांडणार, मिस्टर निमकर' असं आहे. तिथे 'अधिकाऱ्यांच्या सुचवण्यावरून' असं करता येईल."

मी म्हटलं, "काका, ते बोर्डानं मंजूर केलंय. तुम्हीही हात वर केला होतात."

"ते खरं गं. पण मी आपल्या माणसाला सांगतोय."

"टेप आहे, काका. आणि टेप नसती तरी मी केलं नसतं."

काका मोठ्यानं हसले, आणि डॉरोथीला ऐकू जाईल अशा आवाजात, इंग्रजीत, म्हणाले की ते माझी परीक्षा बघत होते आणि काउंटीला अशाच कर्मचाऱ्यांची गरज आहे. काउंटरवरच्या वाडग्यातली एक पेपरमिंटची गोळी घेऊन ते गेले.

मी कुणाला काही सांगितलं नाही. इतिवृत्त सार्वजनिक असतं, संगणकावर कुणालाही उघडता येतं. कुणी उघडत नाही. निखिलनंही नव्हतं उघडलं. त्याला वाटत होतं की बोर्डानं फुटपाथ नाकारला, काकांनी एकट्यानं विरोध केला असणार. मी स्वतःला समजावलं की नोंद खरी ठेवणं एवढंच माझं काम आहे. असं म्हणणारे लिपिक मी पंचायत समितीत पुष्कळ बघितले होते आणि तेव्हा मला त्यांची कीव यायची.

नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सुमाराला काका मावशींना भेटायला आले. त्या दवाखान्यातून घरी येऊन काही आठवडे झाले होते, वॉकर धरून चार पावलं टाकत होत्या. मी तेव्हा तिथेच होते, त्यांच्यासाठी मऊ खिचडी घेऊन गेले होते. काका फुलांची परडी घेऊन आले. परडीत काउंटीची मुद्रा असलेलं कार्ड. चहा झाला. काकांनी बार्शीची चौकशी केली, हवेबद्दल बोलले, आणि मग मांडीवर हात ठेवून, चेहऱ्यावर दुःख आणून म्हणाले की या रस्त्यासाठी त्यांनी बोर्डात किती जिवाचं रान केलं, पण एकटा माणूस किती करणार. निखिल मान हलवत होता. त्याची बायको रडकुंडीला आली होती.

मावशींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "वैशाली, तू तिथे लिहायला असतेस. हे म्हणतायत ते खरं का गं?"

काका माझ्याकडे बघून मंद हसत होते. त्यांना खात्री होती की आपलं माणूस आपल्या माणसासमोर असं काही बोलत नाही.

मी म्हटलं, "नाही, मावशी. आधी वाट, मग घरं अशीच अट होती. ती यांनी बदलली. आधी सगळी घरं, मग वाट. यांनीच सूचना मांडली आणि पहिला हात यांचाच होता."

मला वाटलं, काका चिडतील, उठतील, निदान खोटं आहे असं म्हणतील. त्यांनी कपातला उरलेला चहा संपवला. कप बशीत ठेवला. म्हणाले की या जरा तांत्रिक बाबी असतात, मराठीत नीट सांगता येत नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी बघायला हवं.

मावशी म्हणाल्या, "तेवढा तो वॉकर इकडे सरकवा."

काका उठले, वॉकर आणून त्यांच्यासमोर ठेवला. मावशी दोन्ही हातांनी त्यावर रेलून उभ्या राहिल्या. निखिल मदतीला धावला, त्याला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. एकेक पाऊल टाकत, काकांच्या अगदी पुढ्यातून, त्या आतल्या खोलीत गेल्या. त्याला बराच वेळ लागला. काका उभेच होते. त्यांना बसताही येईना आणि जाताही येईना. त्या सबंध वेळात ते चष्मा पुसत होते.

गोष्ट वस्तीभर झाली. पण पुढच्या गणपतीला पाहुणे पुन्हा निमकरकाकाच. मी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना विचारलं तर ते म्हणाले, यार, दुसरं कोण आहे आपल्याकडे? फोटो तर हवा ना. मी त्या वर्षी आरतीला गेले नाही, एवढाच माझा निषेध. मावशी तेव्हा बार्शीला होत्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात काका हरले. या वेळी समोर धडधाकट उमेदवार होता. काका म्हणाले, आपल्या लोकांनी दगा दिला. आपल्या लोकांतल्या बहुतेकांना मतदानाचा हक्कच नव्हता, आम्ही ग्रीन कार्डवाले नाहीतर व्हिसावाले. हे चार वर्षांत त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. तोवर घरांचा बाजारही बसला होता. बिल्डरनं काम थांबवलं. उरलेल्या प्लॉटांवर कमरेएवढं गवत माजलं. शेवटचं घर बांधलंच गेलं नाही, म्हणून बिल्डरकडून कुणाला काही मागताही आलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही ती काउंटी सोडली, तेव्हाही तिथे मुरूम आणि चरच होता.

जाणाऱ्या सुपरवायझरसाठी बोर्ड गौरवाचा ठराव करतं. मसुदा क्लार्कच्या ऑफिसानं लिहायचा. मी अर्ध्या पानाचा लिहिला: इतकी वर्षं सेवा केली, अमुक समित्यांवर होते, बोर्ड आभारी आहे. काकांनी तो मागून घेतला आणि तीनदा दुरुस्त करून पाठवला. दर खेपेला तो लांब होत गेला. तिसऱ्या खेपेला त्यात एक नवीन कलम होतं: ज्याअर्थी श्री. निमकर यांनी पादचाऱ्यांच्या, विशेषतः वृद्धांच्या सुरक्षिततेसाठी अथक लढा दिला.

मी तो कागद घेऊन डॉरोथीकडे गेले. हे खोटं आहे, मी म्हटलं, आणि कसं खोटं आहे तेही सांगितलं. तिनं कागद वाचला, चष्मा डोक्यावर सरकवला. तीस वर्षं ती त्या ऑफिसात होती. ती म्हणाली की नोंद खरी असावी लागते, कौतुकाला ती अट नाही. टाइप कर.

मी टाइप केलं.

डिसेंबरातल्या शेवटच्या बैठकीत चेअरमननी ते वाचलं. आठ हात वर गेले. मी इतिवृत्तात लिहिलं: ठराव एकमतानं मंजूर, सोबत जोडला आहे. यात एक अक्षर खोटं नव्हतं. ज्या इतिवृत्तात मी त्यांना एक शब्द बदलू दिला नव्हता, त्याच इतिवृत्तात तो लढा आता कायमचा नोंदला गेला होता, माझ्याच हातानं. काका उत्तर द्यायला उभे राहिले. पादचाऱ्यांच्या कलमापाशी आले आणि त्यांचा आवाज फुटला. त्यांनी डोळे टिपले. मी अगदी जवळून बघत होते. ते रडणं खरं होतं. स्वतःच लिहिलेलं वाचून त्यांना स्वतःबद्दल भरून आलं होतं.

बैठक दुपारी संपली. मी कागद गोळा करून बाहेर पडले तेव्हा ते पार्किंगमध्ये होते, एकटेच. बाकीचे आठ जण जेवायला गेले होते, नव्या माणसाला घेऊन. काकांच्या हातात तो ठराव कोरलेली लाकडी पाटी होती. त्यांनी ती आधी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली, तिथे ती नीट बसेना. मग पुढचं दार उघडलं, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ती उभी ठेवली, पट्टा ओढून तिच्यावरून घेतला आणि लावला. पट्टा घट्ट बसलाय का हे हातानं ओढून बघितलं. मग दार हलकेच लोटून, एखाद्या माणसाच्या अंगावर आपटू नये इतक्या बेतानं, ते पलीकडच्या बाजूला गेले.